साबुदाणा : आहे / नाही

"मान सोडा डॉक्टर, मागचा पाय धरा," सोजरबाई म्हणाली. "मान तिची ती सांभाळंल."

मी मान सोडली आणि मागचा पाय धरला. मग डुकरीण पुढे आणि मी तिच्या मागे, असे आम्ही दोघं कैकाडी गल्लीतून थेट नगरपालिकेच्या गटारापर्यंत गेलो. ती गटार ओलांडून गेली. मी गेलो, पण ओलांडून नाही.

"ह्यानं तिला धरलंय का तिनं ह्याला?" कुणीतरी ओट्यावरून विचारलं.

"सरकारी माणूस हाय, सोडत न्हाई," दुसऱ्यानं माझ्या बाजूनं सांगितलं.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मला अजून ओळखतात. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. डुकरांच्या मांसात चपट्या जंताच्या गाठी होतात. त्या डुक्कर न कापता, नुसत्या रक्तावरून ओळखता येतात का, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. घरी मी गुरांचा डॉक्टर होतोय एवढंच माहीत होतं. गुरांमध्ये डुक्कर येतं की नाही हा प्रश्न आईनं कधी विचारला नाही आणि मी उपस्थित केला नाही.

त्या गावानं मला आपणहून बोलावलं होतं. वर्षभरात नगरपालिकेच्या शाळेतल्या तीन पोरांना फिट आली होती, आणि मोठ्या दवाखान्यात फोटो काढल्यावर तिघांच्याही मेंदूत याच जंताच्या गाठी निघाल्या होत्या. वर्तमानपत्रात 'वराहांचा विळखा' असं छापून आलं. नगरपालिकेनं ठराव केला की डुकरांच्या रक्तात रोग सापडला, तर गावातली सगळी डुकरं आठ दिवसांत ठेकेदार लावून उचलायची. आठ घरांची मिळून बासष्ट डुकरं होती. त्यातली तेवीस सोजरबाईची.

नगराध्यक्ष बब्रुवानराव काळदाते यांनी आल्या आल्या माझा सत्कार केला. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं अतिशय मऊ.

"निकाल वाईट येईल ना, डॉक्टर?"

"येईल तो येईल, अण्णा. आधीच कसं सांगू?"

"म्हणजे वाईटच," ते समाधानानं म्हणाले. "ठेकेदाराला सांगून ठेवतो."

सोजरबाई पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत. नवरा वारलेला, घरात जाऊ धुरपा आणि तिची माणसं. मुलगी शालन लातूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सोजरबाई पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "डॉक्टर, तुमी सुई टोचा, बाटली भरा, काय करायचं ते करा. पर खरं लिवा. डुकरं गेली तर माजी पोर घरी येती. मला दुसरं काय येत न्हाई आणि आता शिकायचं वय न्हाई."

मी खरं लिहीन म्हणालो. पुढे जे लिहिलं ते खरंच होतं. फक्त मला ते काय आहे हे माहीत नव्हतं.

आमच्या सावरगावकर सरांनी एक तक्ता करून दिला होता. प्रत्येक डुकरामागे सोळा रकाने: वय, रंग, खूण, मालक वगैरे. नववा रकाना खाद्याचा. डुक्कर उताणं पाडायचं, छातीच्या हाडापाशी सुई घालून अंदाजानं मोठी शीर गाठायची, रक्त घ्यायचं आणि तक्ता भरायचा. महाविद्यालयात मी हे शिकलो होतो, पण तिथलं डुक्कर पांढरं, गुबगुबीत आणि सरकारी होतं. त्याला विरोध करायची सवय नव्हती.

गटारातून निघाल्यावर आमची पद्धत बसली. धुरपाची माणसं डुक्कर पाडत. मी रक्त घेई. मग सोडायच्या आधी सोजरबाई त्याच्या तोंडात आडवं दांडकं घाली, फडक्यानं जीभ धरून बाहेर ओढी, आणि जिभेच्या खालून दोन बोटं सावकाश फिरवी. डोळे मिटून.

"साबुदाणा न्हाई," ती म्हणाली. "घ्या लिवून."

मी तक्त्यात पाहिलं. साबुदाणा बसेल असा रकाना एकच होता. मी 'खाद्य' खाली लिहिलं: साबुदाणा नाही.

मला हे अजिबात विचित्र वाटलं नाही, हे आधी कबूल करतो. आमच्या घरी दोन एकादश्या, एक चतुर्थी आणि आईचे सोमवार. माणसाची पहिली चौकशी साबुदाणा चालतो की नाही यावरूनच होई. डुकराची का होऊ नये? जिभेखाली बघण्याचं कारणही माझ्या मनानं शोधून काढलं. दाण्यांचे कण तिथं अडकत असावेत.

अकराव्या डुकराला तिची बोटं मध्येच थांबली. "ह्याला हाय."

"बरं. किती?"

"लई. बोट ठेवाय जागा न्हाई."

"किती दिवसांपासून?"

"ते कसं कळंल? दोन-तीन म्हयनं झालं असत्याल."

"रोज?"

सोजरबाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "रोजच की. एकदा झाला की जातोय व्हय?"

मी लिहिलं: साबुदाणा, भरपूर, रोज, तीन महिन्यांपासून, सवय झालेली.

दोन दिवसांत बासष्ट डुकरं झाली. बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून मी परत आलो.

आमच्या चाचणीत प्लास्टिकच्या ताटलीवर बारीक बारीक खळगे असतात. प्रत्येकात एकेका डुकराचं रक्तजल घालायचं. रोग असेल तर शेवटी तो खळगा पिवळा होतो, नसेल तर पाण्यासारखा राहतो. ताटली माझ्या हातात होती आणि मी सोजरबाईच्या तेवीस डुकरांचे खळगे आधी मोजले, हे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही. बासष्टपैकी सात पिवळे झाले. त्यातली तीन तिची.

सावरगावकर सर तक्ता आणि ताटली शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बसले. चष्मा पुसला. परत घातला.

"टिकेकर, हे साबुदाण्याचं काय आहे?"

"खाद्य, सर. काही डुकरांना देतात."

"पाच डुकरांना देतात."

"हो सर."

"पाचही पिवळी आहेत." त्यांचा आवाज बारीक झाला. "साबुदाणा न खाणारी सत्तावन्न. त्यात फक्त दोन पिवळी. टिकेकर, कळतंय का तुला? जगात हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

मलाही तसंच वाटलं. सरांनी निबंधाचं शीर्षक तिथल्या तिथे ठरवलं आणि एका परिषदेची तारीखही काढली. त्यांचा पित्ताचा त्रास जुना होता. त्याचंही मूळ सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. "परत जा," ते म्हणाले. "किती देतात, कोण देतं, आणि मुख्य म्हणजे भिजवलेला की कोरडा. हे विचारल्याशिवाय येऊ नकोस."

गावातली सभा दुसऱ्या दिवशी दुपारी चारला होती. मी सकाळीच कैकाडी गल्लीत पोचलो. सोजरबाई दगडावर बसून दात घासत होती.

"मावशी, एक विचारायचं राहिलं. साबुदाणा भिजवलेला की कोरडा?"

"काय?"

"डुकरांना देता तो."

तिनं चूळ भरली. मग अत्यंत शांतपणे हाक मारली, "धुरपे, हिकडं ये. डॉक्टर काय इचारतेत बग."

धुरपा आली. मी परत विचारलं. धुरपानं तोंडावर पदर घेतला आणि शेजारणीला बोलावलं. मी तिसऱ्यांदा विचारलं. तोवर आठ घरांतली सगळी माणसं गोळा झाली होती, आणि एक म्हातारा कानामागे हात धरून मला म्हणाला, "मोठ्यानं इचारा, मला ऐकू आलं न्हाई." मी मोठ्यानं विचारलं.

मग सगळी गल्ली हसत सुटली. सोजरबाई दगडावरून खाली बसली. धुरपा भिंत धरून उभी होती. "कोरडा कसा देतील," म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "घशात अडकंल की. दाण्याचं कूट घालून देत्यात!"

"अरं लेकरा," सोजरबाईला शेवटी आवाज फुटला, "चल, तुला वाढते."

अकरा नंबरचं डुक्कर खुंटाला बांधलेलं होतं. तिनं दांडकं घातलं, जीभ ओढली आणि माझा हात धरून माझी दोन बोटं जिभेखाली फिरवली. मऊ, गुळगुळीत, गोल दाणे. बोटाखाली सरकत होते. त्या जंताच्या गाठींचं वर्णन मी तीन पुस्तकांत वाचून पाठ केलं होतं. मोजमाप मिलिमीटरमध्ये होतं.

"भिजवलेला," मी म्हणालो.

"आता कळलं. ह्याला आमी साबुदाणा म्हंतो. माज्या सासूनं मला शिकवलं. साबुदाणा असला तर ते डुक्कर इकायचं न्हाई."

मी तिच्या दगडावर बसलो. हळूहळू ध्यानात आलं की या बाईनं बासष्ट डुकरं दोन बोटांनी तपासली होती, आणि तिचा प्रत्येक निकाल मी तक्त्यात सही करून लिहून घेतला होता. तिला माझ्या ताटलीचा निकाल माहीत नव्हता. मला मी काय लिहितोय हेच माहीत नव्हतं. तपासणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला काहीही माहीत नसणं याला संशोधनात फार मान आहे. लोक त्यासाठी मोठी खटपट करतात. मी ते नुसत्या संस्कारांच्या जोरावर साधलं होतं.

"मावशी, तुमचे पाचही बरोबर निघाले. पण यंत्रात आणखी दोन आलेत. ती बांडी आणि ते तुटक्या शेपटीचं."

ती हसायची थांबली. दोन्ही डुकरं आणवली, परत बोटं फिरवली. एकदा, दोनदा. "हाताला लागत न्हाई."

"थोड्याच गाठी असतील तर नाही लागत. कुठंतरी आत असतात. रक्तात कळतं."

"म्हंजे तुमचं मशीन माज्यापरीस दोन डुकरांनी शानं." ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. "म्हंजे आजवर मी साफ म्हणून जे दिलं, त्यातबी एखादं असंल."

"असू शकेल. पण नीट शिजवलं तर काही होत नाही."

"तिथंच तर घोळ हाय. आमी दोन घंटे रटरट शिजवतो. घेणारे शिजवत न्हाईत." तिनं आवाज उतरवला. "चोरून खात्यात. घरी चालत न्हाई, म्हणून पालिकेच्या मागच्या शेडात चूल मांडत्यात. कुणी बगंल म्हणून घाई. अर्धंकच्चं उतरवत्यात आणि मोकळं व्हायला तिथंच भिंतीमागं जात्यात. ही साती डुकरं त्याच भिंतीमागं चरत्यात, डॉक्टर. रोज हाकलून दमले मी."

चपट्या जंताचं सगळं जीवनचक्र, जे समजायला मला दोन वर्षं लागली होती, तिनं एका श्वासात सांगितलं होतं. माणसाच्या पोटात जंत, भिंतीमागे त्याची अंडी, ती डुकरानं खाल्ली की साबुदाणा. आणि भिंतीपलीकडे शाळेचा हातपंप, म्हणजे तीच अंडी हातातोंडाला लागून पोरांच्या डोक्यात गाठ.

"कोण येतं तिथं?"

"नावं न्हाई सांगणार."

"मावशी, तुमची डुकरं वाचतील."

"पंचवीस वर्सं डबा झाकून देतीया मी. कुणाच्या घरी कुणाचं नाव घेतलं न्हाई. धंद्याचा नेम हाय. डुकरं जाऊ देत, नेम न्हाई जाणार." मग जरा वेळानं म्हणाली, "तुमी तुमचं खरं सांगा. मी माजं गप ऱ्हाते."

सभा भरली तेव्हा सभागृहात एकवीस सदस्य, मुख्याधिकारी शेख साहेब, कारकून देवधरे आणि मागच्या बाकावर सोजरबाई. तिचा जीव ठिकाणावर नव्हता. ती सारखी दाराकडे बघत होती. बाहेर ठेकेदाराचा टेम्पो उभा होता.

"सात डुकरं रोगट!" बब्रुवानरावांनी माझा कागद उंच धरला. "डॉक्टरांनी विज्ञानानं सिद्ध केलंय. ठराव अमलात आणायचा. कुणाचं काही म्हणणं?"

"माझं आहे," मी उठलो. "डुकरांच्या रक्तात रोग आहे याचा अर्थ असा, की गावात निदान एका माणसाच्या पोटात जंत आहे. डुकराला हा रोग माणसाकडून होतो. पोरांनाही माणसाकडूनच झालाय. डुकरं नेली तरी तो माणूस इथंच राहणार."

"मग माणूस शोधा!" आरोग्य सभापती गरजले.

"सोपं आहे. सर्वांच्या शौचाचे नमुने घ्यायचे. डुकरं भिंतीमागे चरतात, म्हणून सुरुवात या इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून करू."

"माझा नमुना उद्या सकाळी सातला," शेख साहेब वहीत लिहीत म्हणाले. "मला काही अडचण नाही."

"आमचीही नाही," सभापती म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. "आणि समजा एखाद्याचा सापडला, तर?"

"तर एक गोळी. बरा होतो. हा जंत माणसाच्या पोटात जायला रस्ता एकच आहे. डुकराचं मटण. कच्चं राहिलेलं."

मान डोलावणं थांबलं. बब्रुवानरावांचा हात माळेवर गेला होता.

"पण ते मटण," एक सदस्य घसा साफ करून म्हणाले, "आपल्याकडे खातंच कोण?"

"कुणीच नाही," दुसरे म्हणाले.

"छे छे," तिसरे.

पहिल्यांदाच निवडून आलेला एक तरुण सदस्य होता. तो निष्पापपणे मागे वळला. "मग सोजरबाई, तुम्ही मटण विकता कुणाला?"

सोजरबाई उभी राहिली. पदर सारखा केला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तिनं सगळ्यांकडे एकदा सावकाश पाहिलं, आणि ज्याच्याकडे ती बघे त्याला एकदम आपल्या चपलेत काहीतरी दिसे.

"नावं मी घेत न्हाई," ती म्हणाली. "कुणी किती बी इचारलं तरी घेणार न्हाई. कुणी घाबरू नका."

आणि खाली बसली.

"कोण घाबरतंय!" बब्रुवानराव म्हणाले. मग त्यांचा आवाज फारच मऊ झाला. "मी काय म्हणतो डॉक्टर, नमुने, तपासणी, यात गोरगरिबांचा वेळ जाणार. त्यापेक्षा तपासणी न करता सरसकट सगळ्यांना गोळी दिली तर? सगळ्या गावाला. कुणाचा अपमान नको."

विज्ञानाच्या दृष्टीनं ही सूचना चांगली होती, आणि मी तसं सांगितलं. टाळ्या पडल्या. इतका एकमुखी ठराव त्या पालिकेत आधी झाला नव्हता, असं मला देवधरेंनी नंतर सांगितलं. सात रोगट डुकरं पुरून टाकायची, सोजरबाईची तीनही त्यात. ती लगेच हो म्हणाली. "रोगट माल मी ठेवतच न्हाई," एवढंच बोलली. बाकीची डुकरं मालकांनी कुंपणात ठेवायची, भिंतीमागे पालिकेनं संडास बांधायचे, ठेकेदारानं जायचं.

गोळ्यांचं वाटप पुढच्या आठवड्यात शाळेत झालं. मी हजर होतो. सकाळी सातला दार उघडलं तर रांगेत पहिले बब्रुवानराव.

"लोकांना आदर्श म्हणून," ते म्हणाले. गोळी गिळली आणि आणखी पाच मागितल्या.

"या कुणाला, अण्णा?"

"आदर्श कुटुंब."

सावरगावकर सरांना मी रकान्याचं खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'खाद्य' खोडून 'जिव्हापरीक्षा' लिहिलं, आणि निबंधाच्या शेवटी आभारांत श्रीमती सोजरबाई माने यांचं नाव स्वतःच्या हातानं घातलं. शालन नर्स झाली. गेली पंधरा वर्षं त्याच तालुक्यात आहे. शाळेत त्यानंतर फिट आल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

पण मला आठवतो तो सभेचा शेवट. सदस्य उठून चालले होते, नेहमीपेक्षा भराभरा. देवधरेंनी ठरावाचा कागद लिहून डुकरांच्या मालकांतर्फे सोजरबाईपुढे सहीला ठेवला.

"आधी वाचा," ती म्हणाली.

"'...सात डुकरे वगळता उर्वरित पंचावन्न डुकरे गावाच्या हद्दीत राहू देण्यात यावीत...'"

"पंचावन्न न्हाई. बासष्ट लिवा."

"बाई, सात गेली ना त्यातून? बासष्ट उणे सात."

"ती गेलीच. पर माजी काळी व्यायला बसलीया दुपारपास्नं. मी निगाले तवा सात झाली हुती."

देवधरेंनी बब्रुवानरावांकडे पाहिलं. "अण्णा, पिल्लं ठरावात कशी घ्यायची? ती मोजणीच्या वेळी नव्हती."

"घ्या!" बब्रुवानराव दारातून ओरडले. "जेवढी असतील तेवढी घ्या! विषय संपवा!"

देवधरेंनी पंचावन्नवर काट मारली आणि बासष्ट लिहिलं. सोजरबाईनं पेन हातात घेतलं. तेवढ्यात खिडकीबाहेरून धुरपाचा आवाज आला, सगळ्या पालिकेला ऐकू जाईल असा:

"सोजराक्का! अजून दोन आली! आणि थांबायचं नाव न्हाई तिचं!"

सोजरबाईनं सही न करता पेन देवधरेंना परत दिलं. हसली. आतापर्यंत हातात गच्च धरलेला पदर तिनं सोडला आणि बाकावर ऐसपैस मांडी घातली.

"चौसष्ट लिवा," ती म्हणाली. "पर शाईनं नगं. पेन्सिलीनं."

देवधरेंनी टेबलाच्या खणात पेन्सिल शोधायला सुरुवात केली.